सुईच्या दोन तारखांमधले दिवस

टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी घेणाऱ्या पुरुषाला पंधरवडा कसा गेला असे विचारा. उत्तर बहुधा ठरलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगात तरतरी येते, कामवासना वाढते, उगाचच चिडचिडही होते. आठवडा बरा जातो. दहाव्या-अकराव्या दिवसापासून उतरण सुरू होते. दुपारी डोळे मिटू लागतात, जिना चढताना पाय जड होतात, घरात कुणी हाक मारली तरी नको वाटते. शेवटचे दोन-तीन दिवस पुढच्या सुईची वाट बघण्यात जातात. मग तो डॉक्टरांना सांगतो, “औषध पुरत नाही हो.” आणि पुष्कळदा डोस वाढतो, २०० मिलिग्रॅमचे २५० होतात. आता पहिले चार दिवस आणखी तापट जातात, पाठीवर पुटकुळ्या उठतात, आणि बारावा दिवस मात्र पूर्वीसारखाच मलूल उगवतो.

या माणसाला महिन्याकाठी मिळणारे औषध बहुधा पुरेसेच होते, फक्त ते चुकीच्या तारखांना मिळत होते. टेस्टोस्टेरॉन उपचाराबद्दल जे बोलले जाते त्यात ‘किती’ यावर भर असतो. ‘कितीदा’ आणि ‘कोणत्या वाटेने’ हे प्रश्न मागे राहतात, आणि रुग्णाचा रोजचा दिवस कसा जाईल हे बऱ्याच अंशी त्यांवरच ठरते. म्हणून हे प्रकरण त्या दोन प्रश्नांसाठी.

आधी निरोगी शरीर काय करते ते पाहू. तरुण पुरुषाची वृषणे दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दिवसभर थोड्या थोड्या वेळाने एल.एच. नावाच्या संप्रेरकाचे लहान झोत सोडते आणि वृषणे त्याला प्रतिसाद देतात. पातळी सकाळी आठच्या सुमारास सर्वांत वर असते, दुपारनंतर खाली येते. निदानासाठी रक्त सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायला सांगतात ते यासाठीच. दुपारी चारला दिलेल्या एका नमुन्यावर कुणाला आयुष्यभराचे औषध लावणे हा अन्याय आहे. सुटे टेस्टोस्टेरॉन रक्तात फार वेळ टिकत नाही. काही मिनिटांपासून तास-दीड तासात त्यातले निम्मे निघून जाते. म्हणजे निसर्गाचा हिशेब थोडे-थोडे आणि सतत असा आहे. बाहेरून औषध देताना नेमके हेच साधणे कठीण जाते, आणि गेली नव्वद वर्षे औषधशास्त्र त्याच अडचणीशी झगडते आहे.

या झगड्याची सुरुवात १९३५ सालची. त्या वर्षी अॅम्स्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाक्युर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. काही महिन्यांतच अडॉल्फ ब्युटेनान्ट आणि लिओपोल्ड रुझिच्का या दोघांनी स्वतंत्रपणे ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवून दाखवले. १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांत विभागून दिले गेले. ब्युटेनान्ट यांना नाझी सरकारने ते स्वीकारू दिले नाही, पदक हाती यायला १९४९ उजाडले.

रेणू हाती आला तेव्हा वाटले, आता गोळी करून दिली की झाले. पण गोळीतले टेस्टोस्टेरॉन आतड्यातून थेट यकृतात जाते आणि यकृत पहिल्याच फेरीत त्याचा बहुतांश भाग निकामी करते. रेणूला मिथाइलचा गट जोडून यकृताला चकवता येते, पण मग यकृतालाच इजा होते. ती वाट आज उपचारासाठी शहाणी मानली जात नाही. उरला मार्ग सुईचा. नुसते टेस्टोस्टेरॉन टोचले तर ते काही तासांतच संपते, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याला स्निग्धाम्लाची साखळी जोडली. अशा संयुगाला एस्टर म्हणतात. साखळी जितकी लांब, तितके औषध तेलात जास्त रमते आणि स्नायूत टोचलेल्या तेलाच्या साठ्यातून तितके सावकाश बाहेर पडते. बाहेर पडल्यावर शरीरातली विकरे साखळी तोडतात आणि मूळ टेस्टोस्टेरॉन मोकळे होते.

ही तेले आपल्या ओळखीची आहेत. अमेरिकेत मिळणारे एनंथेट हे एस्टर बहुधा तिळाच्या तेलात असते, सिपिओनेट सरकीच्या तेलात, दीर्घकाळ चालणारे अनडेकॅनोएट एरंडेलात, आणि सस्टॅनॉन हे मिश्र इंजेक्शन शेंगदाण्याच्या तेलात. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्याने सस्टॅनॉन घेऊ नये ते त्यामुळे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुपीवर लिहिलेला आकडा एस्टरचा असतो, त्यात साखळीचेही वजन धरलेले असते. १०० मिलिग्रॅम एनंथेटमध्ये टेस्टोस्टेरॉन सुमारे ७२ मिलिग्रॅम भरते, १,००० मिलिग्रॅम अनडेकॅनोएटमध्ये सुमारे ६३०. ते ६३० मिलिग्रॅम बारा आठवड्यांत वाटले, तर रोजचे साडेसात मिलिग्रॅम पडतात. निसर्गाच्या आकड्यापासून हे फार दूर नाही.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. एनंथेटचा अर्धायुकाल साधारण साडेचार दिवस आहे, म्हणजे दर साडेचार दिवसांनी साठा निम्मा होतो. मग चौदाव्या दिवशी किती उरते? जेमतेम १२ टक्के. सातव्या दिवशी ३४ टक्के, आणि साडेतीन दिवसांनी ५८ टक्के. हा ढोबळ हिशेब पुढे नेला तर पंधरवड्यातून एकदा सुई घेणाऱ्याची सर्वांत वरची पातळी सर्वांत खालच्या पातळीच्या साडेआठ पट निघते. तेच औषध निम्म्या मात्रेत दर आठवड्याला घेतले तर फरक तिपटीच्या आत येतो, आणि चौथाई मात्रेत आठवड्यातून दोनदा घेतले तर पावणेदोन पट उरतो. प्रत्यक्षात तेलातून औषध सुटायलाच एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे खरा फरक यापेक्षा कमी असतो. पण दिशा हीच. महिन्याला शरीरात जाणारे एकूण औषध तिन्ही तऱ्हांत तेवढेच आहे. पंधरवड्यातून एकदा येणारा टँकर आणि दिवसाआड तासभर येणारा नळ वर्षाकाठी सारखेच पाणी देत असतील, पण कोणत्या घरातली बाई निर्धास्त असते हे सांगायला नको.

मग पंधरवड्याची पद्धत पडली कशी? पेन्सिल्व्हेनियातल्या पीटर स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनंथेटची आठवड्याची सरासरी १०० मिलिग्रॅमच ठेवून ती चार प्रकारे दिली होती. दर आठवड्याला १००, दोन आठवड्यांनी २००, तीन आठवड्यांनी ३०० आणि चार आठवड्यांनी ४००. अंतर वाढेल तसे हेलकावे वाढत गेले आणि चार आठवड्यांचे अंतर फार लांब ठरले. दोन आठवडे हा बेत रूढ झाला, कारण त्या काळी प्रत्येक सुईसाठी दवाखान्याची फेरी पडत असे. आकडा निघाला तो रुग्णाची सोय आणि पातळी यांच्या तडजोडीतून. तडजोड त्या काळाला शोभणारीच होती. पण रुग्ण घरी स्वतः सुई घेऊ शकत असेल, तर त्या तडजोडीला चिकटून राहण्याचे कारण उरत नाही.

सस्टॅनॉनची कथा थोडी वेगळी आहे. त्याच्या २५० मिलिग्रॅमच्या कुपीत चार एस्टर एकत्र असतात, प्रोपिओनेट ३०, फिनाइलप्रोपिओनेट ६०, आयसोकॅप्रोएट ६० आणि डेकॅनोएट १०० मिलिग्रॅम. कल्पना अशी की एक संपत आला की दुसरा हात देईल आणि पातळी सपाट राहील. घडते मात्र असे की सुटायला सगळे एकाच दिवशी लागतात. म्हणून २४ ते ४८ तासांत पातळी लिटरला ७० नॅनोमोलपर्यंत चढते, म्हणजे डेसिलिटरला सुमारे २,००० नॅनोग्रॅम. निरोगी, सडसडीत तरुण पुरुषांसाठी सर्वमान्य झालेली कक्षा २६४ ते ९१६ आहे. तिच्या वरच्या टोकाच्या दुपटीहून जास्त उंची गाठून एकविसाव्या दिवसापर्यंत पातळी खालच्या टोकाशी येते. तीन आठवड्यांतून एकदा सस्टॅनॉन घेणारा मनुष्य महिन्यात दोन वेगळ्या प्रकृती जगतो असे त्याची बायको म्हणाली, तर ती वाढवून सांगत नसते.

शिखराचा त्रास मनापुरता नसतो. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग चरबीत आणि इतर ऊतींत एस्ट्राडायोल या स्त्री-संप्रेरकात बदलतो. शिखर उंच, तर एस्ट्राडायोलही उंच. त्यातून स्तनाग्रे हुळहुळतात, पाणी धरून अंग जड होते. यावर काही जण एस्ट्राडायोल दाबणाऱ्या गोळ्या सुरू करतात. मला हे उलटे वाटते. पुरुषाच्या हाडांना आणि कामेच्छेलाही एस्ट्राडायोल लागते. ते दाबण्याआधी शिखर उतरवून पाहावे.

याहून महत्त्वाची गोष्ट रक्ताच्या दाटपणाची. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशींचे उत्पादन वाढवते. एकूण रक्तातला पेशींचा वाटा म्हणजे हेमॅटोक्रिट. तो ५४ टक्क्यांच्या वर गेला, तर उपचार थांबवून तो खाली येईपर्यंत वाट पाहावी असे अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची २०१८ची मार्गदर्शिका सांगते. हा दाटपणा कमी मुदतीच्या इंजेक्शनांत जेलपेक्षा जास्त आढळतो. म्हणून उपचार सुरू करण्याआधी, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी व्हायलाच हवी. हेमॅटोक्रिट चढत असेल तर दर काही महिन्यांनी रक्त काढून टाकण्यापेक्षा मात्रा, अंतर किंवा वाट बदलणे शहाणपणाचे. मनःस्थितीबद्दलचा पुरावा इतका भक्कम नाही. पण सुईच्या आधीचे दिवस वाईट जातात ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिला भ्रम म्हणून झटकणारा डॉक्टर बदलावा असे मी म्हणेन.

अंतर कमी करायचे ठरले की आपल्याकडे पहिली अडचण कुपीची येते. अमेरिकेत १० मिलिलिटरची, रबरी बूच असलेली बाटली मिळते, तिच्यातून हवे तेवढे काढून घेता येते. आपल्याकडे सहज मिळणारी इंजेक्शने बहुतेक २५० मिलिग्रॅमची, १ मिलिलिटरच्या काचेच्या अँप्युलमध्ये. एकदा मान मोडली की ते सगळे तेव्हाच वापरायचे, उरलेले फेकायचे. उघड्या अँप्युलमधले उरलेले औषध फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात टोचणे म्हणजे गळवाला आमंत्रण. अर्धे फेकायचे म्हटले तर खर्च दुप्पट होतो. म्हणजे रुग्णाचा पंधरवडा कसा जाईल हे अनेकदा काच बनवणाऱ्या कारखान्याने ठरवलेले असते. ही गोष्ट रुग्णाने आणि डॉक्टरांनी एकमेकांशी उघडपणे बोलावी. कमी ताकदीचे अँप्युल मागवता येते का, जेल परवडेल का, तीन महिन्यांचे इंजेक्शन बसेल का, हे पर्याय तेव्हाच समोर येतात.

स्नायूत जाणारी सुई लांब असते आणि तेल दाट, त्यामुळे ते बारीक सुईतून चढत नाही. अनुभवी परिचारिका औषध जाड सुईने ओढते, मग सुई बदलते. अँप्युल आधी तळहातात मिनिटभर धरते म्हणजे तेल पातळ होते. दट्ट्या हळू दाबते. घाईने दाबलेले तेल गाठीसारखे बसते आणि दोन दिवस चालताना बोचते. कधी उजवी, कधी डावी बाजू घ्यायची. गेल्या काही वर्षांत स्नायूऐवजी त्वचेखाली टोचण्याची पद्धत वाढली आहे. पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेची चिमूट धरून आठवड्यातून एकदा, थोड्या मात्रेत. २०१८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एनंथेटचे असे आठवड्याचे पेन मंजूर केले, ५०, ७५ आणि १०० मिलिग्रॅमचे. त्याने रक्तदाब वाढू शकतो असा ठळक इशारा त्याच्या वेष्टनावर आहे. ज्या घरात आजी रोज स्वतःच्या हाताने इन्सुलिन घेते, त्या घरातल्या माणसाला ही सुई शिकायला अर्धा तास पुरतो. मात्र ते डॉक्टरांसमोर शिकावे आणि मात्रा त्यांनीच ठरवावी.

सारख्या सुया नको असणाऱ्यांसाठी अनडेकॅनोएट आहे. १,००० मिलिग्रॅम, ४ मिलिलिटर एरंडेलात, खोल नितंबाच्या स्नायूत. एरंडेल किती चिकट असते ते आपल्याला सांगायला नको. हे इंजेक्शन द्यायला दोन मिनिटे लागली तर ती लागू द्यावीत. तेलाचे बारीक थेंब शिरेत शिरून फुप्फुसात पोचले तर खोकल्याची उबळ येते, श्वास कोंडतो. असे क्वचित घडते, पण घडते, म्हणून सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. याचा अर्धायुकाल महिन्याभराहून थोडा जास्त आहे. पहिल्या सुईनंतर दुसरी सहा आठवड्यांनी देतात, पाया भरण्यासाठी, आणि मग दर १० ते १४ आठवड्यांनी. या औषधात मात्रा कधीच बदलत नाही, कुपी एक म्हणजे एकच. बदलते फक्त अंतर. सुईच्या दिवशी सकाळी, सुई घेण्याआधी रक्त तपासतात. पातळी खाली गेलेली असेल तर पुढची तारीख अलीकडे, वर असेल तर पलीकडे. बारा आठवड्यांचा अकरावा आठवडा ज्याला नेहमी जड जातो, त्याला दहा आठवड्यांची तारीख मागण्याचा पूर्ण हक्क आहे.

जेल हा निसर्गाच्या सर्वांत जवळचा मार्ग. एक टक्क्याच्या जेलमधले ५० मिलिग्रॅम खांद्यावर आणि दंडावर चोळले की त्यातले दहा टक्के, म्हणजे सुमारे ५ मिलिग्रॅम, दिवसभरात आत झिरपते. शिखर नाही, दरी नाही. सकाळी आंघोळ करून अंग पूर्ण कोरडे करायचे, जेल पातळ थरात पसरायचे, पाच मिनिटे वाळू द्यायचे, सदरा घालायचा आणि हात साबणाने स्वच्छ धुवायचे. जेलमध्ये अल्कोहोल असते, म्हणून वाळेपर्यंत गॅस किंवा निरांजनाजवळ जायचे नाही. त्यानंतर निदान दोन तास, काही जेलच्या बाबतीत पाच तास, अंगावर पाणी घ्यायचे नाही. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्याने जेलची वेळ हा हिशेब धरून ठरवावी.

जेलचा खरा धोका घरातल्या लहानांना आहे. उघड्या खांद्यावर डोके ठेवून झोपणाऱ्या नातवाच्या त्वचेतून औषध त्याच्या शरीरात शिरते. अशा मुलांत अकाली जांघेत केस येणे, लिंगाची वाढ, हाडांचे वय पुढे जाणे असे प्रकार नोंदले गेल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९मध्ये जेलच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दोन खोल्यांत सहा माणसे झोपतात अशा घरात जेल लिहून देण्याआधी डॉक्टरांनी घरात कोण कोण आहे हे विचारलेच पाहिजे. गरोदर बायको असेल तर हा प्रश्न आणखी गंभीर.

बाकीच्या वाटा थोडक्यात. अनडेकॅनोएटची तोंडाने घ्यायची कॅप्सूल यकृताला टाळून स्निग्ध पदार्थांबरोबर लसिकेच्या वाटेने आत जाते. त्यामुळे ती रिकाम्या पोटी किंवा नुसत्या चहाबरोबर घेतली तर जवळजवळ वाया जाते, तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबरच घ्यावी, आणि दिवसातून दोनदा. नाकात लावायचे जेल अमेरिकेत २०१४मध्ये मंजूर झाले, ते दिवसातून तीनदा लावावे लागते. त्वचेखाली पुरायच्या छोट्या गोळ्या चार-सहा महिने चालतात, पण एकदा बसवल्यावर मात्रा जास्त झाली तर मागे घेणे अवघड.

वाट कोणतीही असो, ती जमली की नाही हे कळायचे कसे? रक्त कधी काढले यावर रक्ताचा अहवाल अवलंबून असतो. सुईनंतर दुसऱ्या दिवशी काढले तर १,१०० दिसेल, तेराव्या दिवशी काढले तर २५०, आणि माणूस तोच. एनंथेट आणि सिपिओनेटसाठी एंडोक्राइन सोसायटीच्या त्याच मार्गदर्शिकेने दोन सुयांच्या मध्यावर रक्त तपासायला आणि पातळी ३५० ते ६०० नॅनोग्रॅमच्या दरम्यान ठेवायला सांगितले आहे. त्याबाहेर गेली तर मात्रा किंवा अंतर बदला, असे तिथे लिहिले आहे. अंतराचा उल्लेख तिथे आहे, आपल्या दवाखान्यांत तो कमी ऐकू येतो. जेल सुरू केल्यावर निदान आठवडा जाऊ द्यावा आणि चोळल्यानंतर दोन ते आठ तासांत रक्त द्यावे. चोळलेल्या दंडातून मात्र रक्त देऊ नये, कातडीवरचे औषध सुईला लागून आकडा फुगतो. लठ्ठ आणि मधुमेही पुरुषांत टेस्टोस्टेरॉन धरून ठेवणारे एस.एच.बी.जी. हे प्रथिन कमी असते, त्यामुळे एकूण पातळी खोटी कमी दिसते. त्यांचे मुक्त टेस्टोस्टेरॉनही पाहावे लागते.

दुसरी गोष्ट धीराची. बदल केल्यावर नवी पातळी स्थिरावायला पाच अर्धायुकाल लागतात. एनंथेटला तीन-साडेतीन आठवडे, सिपिओनेटला सहा आठवडे, अनडेकॅनोएटला पाच-सहा महिने. दर आठवड्याला मात्रा वर-खाली करणारा मनुष्य आपल्या उपचाराचा परिणाम कधीच पाहू शकत नाही.

या काळात एक साधी वही ठेवावी. तारीख, सुईपासूनचा दिवस, झोप, थकवा, चिडचिड, इच्छा, सकाळचा ताठरपणा. प्रत्येकापुढे शून्य ते दहामधला एक आकडा. समजा, एका गृहस्थाच्या वहीत पहिल्या तीन पंधरवड्यांत थकव्यापुढे पाचव्या दिवशी ३, ३, ४ आणि बाराव्या दिवशी ८, ८, ७ असे आकडे आहेत. ही वही पाहिली की कुठलाही डॉक्टर म्हणेल, अंतर कमी करू. पण दुसऱ्या एकाच्या वहीत पाचव्या दिवशीही ७ आणि बाराव्या दिवशीही ७ असेल, तर सुईच्या तारखा बदलून काही होणार नाही. त्याची कारणे दुसरीकडे शोधायला हवीत. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, थायरॉइड, रक्तक्षय, आटोक्यात न आलेली साखर, नैराश्य, रात्रपाळी. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या ७९० पुरुषांवर झालेल्या आणि २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉनने लैंगिक जीवन माफक सुधारले, मनःस्थितीही किंचित सुधारली, पण उत्साहाच्या मोजपट्टीवर ठळक फायदा दिसला नाही. दमणूक हे एकच लक्षण घेऊन आलेल्याला मात्रा वाढवून देणे म्हणजे त्याच्या खऱ्या आजाराला वेळ काढून देणे.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. अपेक्षा माणसाला खरोखर बरे वाटायला लावते. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या बहात्तराव्या वर्षी कुत्रे आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यातला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे वैज्ञानिकांच्या सभेत जाहीर केले. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेव्हा त्या अर्कात काम करण्याइतके ते असणे शक्य नव्हते. त्यांना वाटलेली तरतरी मात्र खरी होती. नवी पद्धत सुरू केल्यावरच्या पहिल्या पंधरा दिवसांच्या आनंदावर म्हणूनच निर्णय घेऊ नये, तीन महिन्यांची पाने पाहावीत.

टेस्टोस्टेरॉन लागणाऱ्यांत फार वेगवेगळी माणसे आहेत. १९४२ साली बॉस्टनमध्ये हॅरी क्लाइनफेल्टर यांनी वर्णन केलेल्या अवस्थेत जन्मतःच एक जादा एक्स गुणसूत्र असते. पिट्युटरीच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगामुळे वृषणे गमावलेले पुरुष आहेत. थॅलेसेमियामुळे लहानपणापासून रक्त घेणाऱ्या मुलांत पिट्युटरीत लोह साठते आणि वयात येणेच अडते, महाराष्ट्रातही अशी मुले आहेत. या मुलांत मात्रा फार कमीपासून सुरू करून वर्षा-दोन वर्षांत वाढवत नेतात, कारण वयात येणे ही निसर्गातही संथ गोष्ट आहे. ट्रान्स पुरुषांसाठी तर हा उपचार सगळ्या आयुष्याचा पाया असतो. दोन सुयांमधल्या उतरणीत त्यांच्यापैकी काहींना थांबलेली पाळी पुन्हा दिसते. त्याचा मनाला बसणारा धक्का थकव्याहून कितीतरी मोठा असतो. आठवड्याची छोटी, त्वचेखालची सुई त्यांच्यात चांगली चालते असे अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. २०१९च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात हॉर्मोन उपचाराची सोय ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. ती सोय मुंबई-पुण्याबाहेर पोचेल तेव्हा या प्रकरणातला बराचसा मजकूर त्यांच्या हक्काचा ठरेल.

हृदयाबद्दल दोन वाक्ये. ज्यांना हृदयविकार आहे किंवा त्याचा धोका जास्त आहे अशा ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत, २०२३च्या निकालानुसार, जेलने हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात वाढला नाही, मात्र हृदयाची लय बिघडणे, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाची अचानक होणारी इजा हे प्रकार थोडे जास्त आढळले. ही चाचणी जेलची होती, तिचा दाखला पंधरवड्याच्या मोठ्या सुईला देऊ नये.

आणि ज्याला मूल हवे आहे त्याने यातले काहीही सुरू करू नये. हे मी शेवटी लिहितो आहे, पण दवाखान्यात ते पहिल्यांदा विचारले जावे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पिट्युटरी आपली एल.एच. आणि एफ.एस.एच. ही दोन संप्रेरके बंद करते, वृषणांच्या आतली पातळी कोसळते आणि शुक्राणू बनणे थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने एनंथेट आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन ते गर्भनिरोधक म्हणून तपासले होते. १९९०मध्ये त्याचे निकाल आले तेव्हा निम्म्याहून जास्त पुरुषांची शुक्राणुसंख्या शून्यावर गेलेली होती. आणि तरीही, मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाला ‘ताकदीचे’ म्हणून हेच इंजेक्शन दिल्याची उदाहरणे आपल्याकडे आजही घडतात. व्यायामशाळेत हे घेणाऱ्या विशीतल्या मुलांना तर कुणी सांगितलेलेच नसते. अंतर कमी केले, वाट बदलली, जेल घेतले तरी या परिणामातून सुटका नाही. थांबवल्यावर बहुतेकांत उत्पादन परत येते. निरोगी पुरुषांवरच्या अशा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सहा महिन्यांत ६७ टक्के आणि वर्षभरात ९० टक्के पुरुषांची संख्या दर मिलिलिटरला दोन कोटींवर पोचली होती, काहींना दोन वर्षे लागली. वर्षानुवर्षे मोठ्या मात्रा घेतलेल्यांना हा आकडा लागू पडेलच असे नाही. पिट्युटरी ज्यांची काम करत नाही पण वृषणे शाबूत आहेत, त्यांना टेस्टोस्टेरॉनऐवजी एच.सी.जी. हे संप्रेरक देतात. ते एल.एच.ची जागा घेऊन वृषणांकडूनच काम करून घेते. तेही आठवड्यातून दोन-तीनदा, त्वचेखाली, लहान मात्रेत द्यावे लागते. गरज पडली तर सोबत एफ.एस.एच. जोडतात आणि शुक्राणू दिसायला सहा महिने ते दोन वर्षे थांबावे लागते.